दुकान छोटं, अट त्याहून बारीक

‘चाळीस लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी नाही’ हे प्रत्येक किराणावाल्याला पाठ आहे. 1 एप्रिल 2019 पासून मालविक्रीसाठी वर्षाला 40 लाखांची मर्यादा लागू झाली, हे खरंच. पण त्या सवलतीतून आइस्क्रीम, पानमसाला आणि तंबाखूचे सगळे प्रकार वगळले आहेत. हा माल विकणाऱ्याची मर्यादा 20 लाखच. म्हणजे गल्ल्याशेजारी विड्यांची बंडलं ठेवली, फ्रीजरमध्ये चार कुल्फ्या टाकल्या, की डाळ-तांदळावर चालणाऱ्या दुकानाचीही मर्यादा निम्म्यावर येते. विडीवर सुटतं ते किती!

‘करमुक्त माल उलाढालीत धरत नाहीत’ हा दुसरा समज. सुटं धान्य, दूध, भाजी यांवर कर नाही, पण दुकानात साबण-बिस्किटंही असतील तर मर्यादा मोजताना सगळा गल्ला एकत्र धरतात. फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला मात्र कितीही धंदा झाला तरी नोंदणी लागत नाही.

जुलै 2025 मध्ये बेंगळुरूत यूपीआयच्या जमेवरून लहान व्यापाऱ्यांना कर खात्याच्या नोटिसा गेल्या आणि कित्येक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. यूपीआय घेतलं की कर लागतो, असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. कर विक्रीवर असतो, पैसे कसे आले त्यावर नाही. रोखीची विक्रीही तितकीच मोजली जाते. क्यूआर कोडवर मेव्हण्याने परत केलेले उसने पैसेही जमा होतात, ते विक्री नव्हेत. पण तसं दाखवायला वही नीट हवी, आणि घोडं तिथेच अडतं.

मर्यादा ओलांडली म्हणजे धंदा बुडाला, असंही नाही. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना घेता येते: करपात्र विक्रीवर 1 टक्का, दर तिमाहीला. तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही, खरेदीवरच्या कराची वजावट नाही आणि परराज्यात विक्री करता येत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाला परराज्यात कशाला विकायचंय?

मुद्रा योजनेतले पैसे म्हणजे अनुदान, ही समजूतही अजून आहे. ते बिनतारण कर्ज आहे, व्याजासकट फेडायचं.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज लघुउद्योगांसाठीच्या ‘उद्यम’ नोंदणीचा. जुलै 2021 मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना त्यात घेतलं, पण फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतं. लघुउद्योगाचं बिल फार तर 45 दिवसांत चुकतं करावं, नाहीतर व्याज द्यावं, हे कायद्याचं कलम निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला लागू नाही. शाळेला वह्या पुरवणाऱ्या स्टेशनरीवाल्याने प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं, तरी थकलेल्या बिलासाठी त्याला शाळेच्या ऑफिसात खेटेच घालावे लागतात.