न उमटलेली रेघ

होळी तोंडावर आलीय आणि काठी माणसांनी भरून गेलंय. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामावर गेलेली कुटुंबं या सणाला घरी परततात. काठी संस्थानची राजवाडी होळी चुकवणं अक्कलकुव्याच्या या डोंगरपट्ट्यात कुणाच्याही जिवावर येतं. कमरेला बांधायचे वाळके भोपळे, घुंगरं, मोरपिसांचे टोप बाहेर निघालेत. आरोग्य पथकानं सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी नेमके हेच दिवस धरलेत. होळी झाली की अर्धं गाव पुन्हा सातपुडा उतरून जाईल.

शाळेच्या ओसरीवर दोन बाकं जोडलीत. त्यावर काचेच्या नळ्यांचा स्टँड, सुयांची पेटी, बर्फाचा डबा. तंत्रज्ञ सकाळीच येऊन द्रावण तयार करतोय. त्यातलं सोडियम डायथायोनाइट हवा आणि ओल लागली की निकामी होत जातं, म्हणून कालचं द्रावण आज चालत नाही. गावातल्या कुणाचं रक्त घेण्याआधी तो सोबत आणलेले दोन नमुने तपासतो, एक निरोगी माणसाचा आणि एक सिकलसेल असलेल्याचा. दोन्ही नळ्या बरोबर बोलल्या, तरच पुढचं काम.

रांगेत आठेक वर्षांची एक मुलगी आईच्या पदराआड उभी आहे. थंडीत तिचे हातपाय सुजतात, हाडं ठणकतात, शाळा बुडते, असं आई सांगते. ती तिच्या भिलीत बोलतेय; आशाताई मराठीत सांगतात. बोटाला सुई टोचली जाते, मुलगी डोळे घट्ट मिटते, रक्ताचा थेंब नळीत उतरतो.

पाच मिनिटं थांबायचं. नळीत डायथायोनाइट रक्तातला ऑक्सिजन काढून घेतंय. साधं हिमोग्लोबिन त्यानंतरही विरघळलेलं राहतं. सिकलचं हिमोग्लोबिन मात्र त्या दाट फॉस्फेटमध्ये विरघळेनासं होतं. तंत्रज्ञ काळ्या रेघा छापलेला कागद नळीमागे धरतो. आधीच्या मुलाच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या होत्या. या नळीतून काहीच दिसत नाही. सगळं गढूळ.

ही चाचणी स्वस्त आहे, विजेवाचून होते, आणि तिनं या डोंगरात फार मोठं काम केलंय. पण ती इथेच थांबते. मुलीनं एकाच पालकाकडून हा गुण घेतलाय की दोघांकडून, ती वाहक आहे की रुग्ण, हे गढूळ नळी सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर गर्भातलंच हिमोग्लोबिन इतकं असतं की नळी फसू शकते.

साध्या आणि सिकलच्या हिमोग्लोबिनमधला फरक पहिल्यांदा यंत्रानं दाखवला तो 1949 साली, अमेरिकेत. लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात सोडलं आणि ते वेगळ्या गतीनं सरकताना पाहिलं. पुढे 1956-57 मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी त्या फरकाचं मूळ गाठलं. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, एवढाच बदल. एका ऋणभाराची ही उणीव, आणि तिच्यापायी ही पोर थंडीत रात्रभर कण्हते. पाउलिंगच्या हाताशी होतं ते यंत्र प्रयोगशाळेची खोली व्यापणारं होतं. आज विजेच्या क्षेत्रात सरकवण्याची तीच रीत, इलेक्ट्रोफोरेसिस, कागदाच्या छोट्या पट्टीवर, बॅटरीवर चालणाऱ्या आणि हातात उचलता येणाऱ्या पेटीत दहाएक मिनिटांत होते. अशी पेटी मध्य प्रदेशातल्या रुग्णांवर पारखूनही झालीय.

ओसरीवर आज ती पेटी नाही. आहे ती त्याहून साधी वस्तू, प्रतिपिंडांची पट्टी. नर्सताई कुपीत पाण्याचे थेंब मोजून टाकतात, रक्त टिपलेला इवलासा कागद त्यात ढवळतात. पाणी गुलाबी होतं. मग पट्टी उभी बुडवतात आणि घड्याळ बघतात.

मुलीचा बाप पट्टीवर वाकलाय. सुरतेकडून कालच आलाय. गुलाबी ओल वर चढते, एकेक रेघ उमटू लागते. साध्या हिमोग्लोबिनची रेघ दिसते, सिकलची जागा मात्र कोरी राहते.

"रेघच नाही, म्हणजे रोग नाही ना?" तो विचारतो.

नर्सताई मान हलवतात. या पट्टीची रीत उलटी आहे. तिच्यातली रंगीत प्रतिपिंडं रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन सापडलं की त्यालाच धरून बसतात. मग पट्टीवरच्या जागेला चिकटायला ती मोकळी राहत नाहीत. जी रेघ उमटत नाही, तेच हिमोग्लोबिन अंगात आहे. "भाऊ, हिच्या रक्तात सिकलचं आहे, साधं नाही. ही वाहक नाही, हिला आजारच असावा. पण पक्कं नंदुरबारला ठरेल."

जांभळ्या टोपीच्या कुपीत शिरेतलं रक्त घेऊन ती कुपी बर्फाच्या डब्यात जाते. जिल्ह्याला एचपीएलसी या यंत्राच्या स्तंभातून हे रक्त जाईल. स्तंभातल्या ऋणभारित कणांना हिमोग्लोबिनचे प्रकार कमीअधिक घट्ट चिकटतात, वाढत्या क्षारानं एकेक सुटतात, आणि सिकलचा प्रकार चौथ्या-पाचव्या मिनिटाच्या दरम्यान आपला उंचवटा काढतो. त्यातून टक्के कळतात, गर्भातलं हिमोग्लोबिन किती टिकलंय तेही कळतं. आपल्याकडच्या बऱ्याच आदिवासी रुग्णांत ते जास्त असतं आणि आजाराची धार थोडी बोथट करतं. औषधाचा निर्णय घेताना डॉक्टरांना हे आकडे लागतात.

इतकं सगळं एचपीएलसी सांगत असताना पट्टी कशाला? त्याचं उत्तर मला या ओसरीवर दिसतं. यंत्र कितीही अचूक असो, त्याचं उत्तर येईस्तोवर माणूस उसाच्या फडात पोहोचला, तर ते उत्तर कागदावरच राहतं. नव्या उपकरणाचा नवेपणा मी तरी आता यावरच जोखतो, की टोचलेलं बोट आणि मिळालेलं उत्तर यांतलं अंतर त्यानं किती कापलं.

आणि इथे हे अंतर फार जणांच्या वाट्याला आलंय. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं याच शोधात घातली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भिल्ल, पावरा, माडिया यांसारख्या जमातींत वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्के आढळलं. 1 जुलै 2023 रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरली आणि 2047 पर्यंत आजार संपवायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्या 7 कोटींतली ही एक रांग, ओसरीच्या पायऱ्यांवरून अंगणातल्या मोहापर्यंत गेलेली.

आता आईबापाच्या पट्ट्या कुपीत उभ्या आहेत. दहा मिनिटांनी दोन्हींवर साध्या हिमोग्लोबिनची रेघही नाही आणि सिकलचीही नाही. दोघंही वाहक. नर्सताई आवाज खाली आणतात. तुम्हा दोघांना त्रास व्हायचा नाही, पण तुमच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारात एक शक्यता हीच, असं त्या सावकाश सांगतात. आशाताई तेच पुन्हा भिलीत सांगतात, बोटं धरून. दोष ना आईचा ना बापाचा, देवीचा कोप नाही, कुणी काही केलेलं नाही, हेही त्या त्यात घालतात. ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आई मुलीच्या केसांवर हात फिरवत राहते. बाप काही क्षण गप्प. मग म्हणतो, "घरी अजून दोन आहेत. एक पाच वर्षांचा, एक अंगावर पिणारी."

"पिणारी किती महिन्यांची?"

"चार."

"आणा. गढूळ नळीवर तिचं नाही ठरवायचं. तिचं थेट जिल्ह्याला पाठवू."

"तुम्ही कधीपर्यंत इथे?"

"पाचपर्यंत. उद्या दुसऱ्या गावी."

तो पायऱ्या उतरून भावाच्या मोटरसायकलची किल्ली मागतो. नर्सताई पेटीतून एक पट्टी आणि जांभळ्या टोपीची एक कुपी काढून बाजूला ठेवतात, आणि रांगेतल्या पुढच्या मुलाला हात पुढे करायला सांगतात.