नगरचे १४९०, पाचाच्या पायावर

अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, वसले १४९० साली. या संख्येच्या अंकांची बेरीज १४. तिने १४९०ला भागले तर बाकी ६ उरते, म्हणून ही हर्षद संख्या नव्हे. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना हे नाव दिले देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी.

आता दहाऐवजी पाचाच्या पायावर मांडा: २×६२५, १×१२५, ४×२५, ३×५ आणि सुटे ०. लेखन झाले २१४३०, बेरीज १०, आणि भाग बिनबाकी १४९! संख्या तीच, पण पाया बदलताच ती हर्षद झाली. कापरेकरांच्या कल्पनेची खरी गोडी मला इथेच वाटते. १२ ही संख्या फक्त आठाच्या पायावर अडते. कोणत्याही पायावर हर्षदच राहणाऱ्या संख्या चारच आहेत: १, २, ४ आणि ६.