‘ऊस गेल्यावर बघू’ म्हणू नका. पित्ताशय वेळेत काढा

श्रीपूर (ता. माळशिरस) : गळीत हंगाम सुरू झाला, की श्रीपूर परिसरात प्रत्येक कामाला एकच उत्तर असतं, ‘ऊस जाऊ द्या, मग बघू.’ लग्नकार्याला, घराच्या बांधकामाला ते चालतं. पित्ताशयातल्या खड्याला चालत नाही.

मुतखडा आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक. तो लघवीवाटे पडला, की माणूस सुटला. पित्तखड्याचं उलटं आहे. तो पित्ताशयातून निसटून खाली उतरतो, तेव्हाच धोका वाढतो. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्याच्या तोंडाशी एकत्र येतात. चारीच्या मोरीत धोंडा अडकावा तसा खडा तिथं अडकला, की स्वादुपिंडाला सूज येते. वरच्या पोटात एकाएकी उठलेली, पाठीकडं जाणारी कळ आणि उलट्या ही त्याची लक्षणं. ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन घरी थांबू नये.

दुखणं सौम्य असेल तर सलाईन आणि औषधांनी काही दिवसांत उतार पडतो. अडकलेला खडाही बहुधा आपोआप आतड्यात निघून जातो. फसगत इथंच होते. पिशवीत बाकीचे खडे तसेच असतात आणि दुसरा झटका पहिल्यापेक्षा जबर असू शकतो.

पूर्वी अशा रुग्णाला ‘महिना-दीड महिन्यानं या’ म्हणून घरी पाठवत. नेदरलँड्समधल्या 23 रुग्णालयांत याची पडताळणी झाली. निष्कर्ष 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सौम्य आजाराच्या रुग्णांपैकी 25 ते 30 दिवस थांबवलेल्यांत दर 100 जणांत 17 जणांना खड्यांमुळं पुन्हा भरती व्हावं लागलं किंवा मृत्यू आला. त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्यांत हा आकडा 5 होता.

आजार तीव्र असेल, स्वादुपिंडाभोवती पाणी साठलं असेल, तर मात्र घाई नको. तिथं सूज आणि पाणी ओसरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, डॉक्टर थांबतात. तोंडावाटे दुर्बीण घालून नळीतला खडा काढला, तरी पिशवीचं काम उरतंच.

‘पिशवी काढल्यावर पचायचं कसं?’ ही शंका नेहमीची. पित्त यकृतात तयार होतं. ते थेट आतड्यात उतरतं. चिरफाडीची भीतीही आता जुनी झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतोन उडवाडिया यांनी 1990 साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हापासून ही पद्धत देशभर रुजली.

खर्चासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटावं. सरपंच, ग्रामसेवकांनी अशा रुग्णालयांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली, तर ऐनवेळची धावपळ वाचेल.

आणि दवाखान्यातून सुट्टी घेण्याआधी एवढं जरूर विचारा : ‘डॉक्टर, पिशवी याच मुक्कामात काढणार का? नसेल तर का नाही, आणि तारीख कोणती?’ उसाची तोड आठ दिवस मागंपुढं होते. पोटातला खडा मात्र तोडीची पाळी बघून हलत नाही.