लहान कार्यालयासाठी स्वस्त दूरध्वनी

नरखेड तालुक्यातील लहान कार्यालयात चार फोन हवे असल्यास महागडी यंत्रणा घेण्याचे कारण नाही. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली निर्माण केलेली 'अ‍ॅस्टेरिस्क' ही आज्ञावली विनामूल्य मिळते. जुना संगणकच आपले एक्सचेंज बनतो. आपसातील बोलण्यास इंटरनेटही लागत नाही. बाहेरच्या कॉलसाठी मात्र परवानाधारक कंपनीचीच जोडणी घ्यावी. एका संभाषणास प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ९० किलोबिट पुरतात.

खरा प्रश्न विजेचा! जुन्या टेलिफोनला तारेतूनच एक्सचेंजचे ४८ व्होल्ट मिळत. गावात अंधार असला तरी तो वाजे. हा फोन वीज जाताच मुका होतो, आणि नेमके तेव्हाच दवाखान्याला कळवायचे असते. म्हणून वाचलेले पैसे आधी बॅटरीत घालावेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. संगणक, राऊटर, स्विच, फोन सर्व तिच्यावर हवेत.