डॉक्टरांच्या वेतनबदलाचे मापन : चंदीगडचे उदाहरण

केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या श्रम ब्युरोचे कार्यालय चंदीगडमध्ये आहे. परंतु ब्युरोचा २०१६ या आधारवर्षाचा वेतन दर निर्देशांक कारखानदारी, खाणी व मळे यांतील ३७ उद्योगांपुरता मर्यादित आहे. रुग्णालयांचा त्यात समावेश नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या वेतनातील बदल मोजण्यासाठी स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो.

शहरातील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. तेथे केंद्रीय वेतनश्रेणी लागू आहे. सातव्या वेतन आयोगाने मूळ वेतनास २.५७ ने गुणले. तथापि ही अडीचपट वाढ नव्हे. त्यातील २.२५ हा भाग जुने मूळ वेतन व त्यावरील १२५ टक्के महागाई भत्ता यांचा होता. म्हणजेच प्रत्यक्ष वाढ सुमारे १४.२ टक्के होती.

डॉक्टरांच्या बाबतीत आणखी एक घटक येतो. खाजगी व्यवसाय न करण्याबद्दलचा भत्ता जुलै २०१७ पासून मूळ वेतनाच्या २५ टक्क्यांऐवजी २० टक्के झाला. या भत्त्यावरही महागाई भत्ता मिळतो. जुने मूळ वेतन १०० रुपये मानल्यास, वरील महागाई भत्त्यासह जुनी रक्कम २८१.२५ रुपये, तर नवी ३०८.४० रुपये होते. म्हणजे वाढ ९.७ टक्केच उरते.

चंदीगड प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांना पूर्वी पंजाबच्या वेतनश्रेणी लागू होत्या. १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय सेवाशर्ती लागू झाल्या. साहजिकच या तारखेच्या आधीचे व नंतरचे आकडे थेट जोडता येत नाहीत.

खाजगी रुग्णालयांत मासिक वेतन, किमान हमी रक्कम, रुग्णशुल्कातील वाटा अशा अनेक पद्धती आढळतात. तेथे सरासरी फसवी ठरू शकते. समजा, दहा डॉक्टरांचे एक लाखाचे वेतन १० टक्क्यांनी वाढले आणि साठ हजारांवर दहा नवे डॉक्टर आले. सरासरी ८५ हजारांवर येते; प्रत्यक्षात वेतन कोणाचेही घटलेले नसते.

म्हणून समान पद, समान अनुभव व समान कामाचे तास यांची तुलना करावी, पदांचे भार स्थिर ठेवावेत, निवास व निवृत्तिवेतनाचे मूल्य धरावे आणि अखेरीस ग्राहक किंमत निर्देशांकाने भागून वास्तव वेतन काढावे. सार्वजनिक रुग्णालयांतील रिक्त पदांमागे वेतनातील तफावत आहे की अन्य कारणे, हे अशा मापनाशिवाय ठरविता येणार नाही. आणि त्या रिक्त पदांची किंमत अखेर गरीब रुग्णालाच मोजावी लागते.