दियानीचा बंगला आणि हौसेचा हिशेब

‘व्हिला’ आणि ‘विलास’ या शब्दांचे भाषाशास्त्रात काही नाते नाही. पण जाहिरातीतली चित्रे पाहिली की ते असावे असे वाटू लागते! निळे पाणी, माडाच्या झावळ्यांचे छप्पर, दिमतीला स्वयंपाकी. दोन-तीन बिऱ्हाडांनी मिळून असा बंगला आठवडाभर घ्यावा, ही हौस आता मध्यमवर्गातही आली आहे. हौस वाईट नाही. पण तिच्यात वर्षाची शिल्लक जाते आणि सोबत मुले व आजीही असतात. म्हणून हिशेब हवा.

केनियातली दियानीची चौपाटी उदाहरणादाखल घेऊ. ती मोंबासाच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर आहे. नैरोबीहून लहान विमानाने थेट जवळच्या उकुंडाला उतरता येते.

पहिला प्रश्न, जावे केव्हा? आपली मेची सुटी तिथे धो धो पावसाची. ऑक्टोबर ते डिसेंबर लहान पाऊस, म्हणजे ऐन दिवाळीतही छत्री आलीच. नाताळात भाडे चढलेले. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे पण उष्ण. जुलै ते सप्टेंबर त्यामानाने थंड. तिथले लोक ईशान्येच्या वाऱ्याला ‘कास्काझी’ म्हणतात, दक्षिणेकडच्याला ‘कुसी’. याच वाऱ्यांच्या भरवशावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबते शतकानुशतके तिकडे जाऊन परत येत.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. पीतज्वराची लस निघण्याच्या निदान १० दिवस आधी टोचून घ्यावी. दाखला नसेल तर परतल्यावर आपलेच सरकार ६ दिवसांपर्यंत विलग ठेवू शकते. साठीपुढच्यांनी व तान्ह्यांच्या आयांनी डॉक्टरांना आधी विचारावे. किनाऱ्यावर हिवताप आहे. गोळ्या आणि मच्छरदाणी यांत काटकसर नको. २०२४ पासून केनियात जाण्याची परवानगी आधीच ऑनलाइन काढावी लागते.

बंगला ठरवताना पुढील गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: स्वयंपाक्याचा पगार भाड्यात आहे का? वाणसामान कोणी आणायचे? वीज गेल्यास जनित्र आहे का? पोहण्याच्या हौदाला कुंपण आहे का? समुद्राची भरती-ओहोटीही पाहावी. उधाणाच्या दिवसांत पाणी ३ मीटरांहून अधिक चढते-उतरते, आणि ओहोटीला पोहायचे म्हटले तर समोर नुसते खडक! खिडक्याही लावून घ्याव्यात; माकडे पाहुण्यांची केळी आपलीच समजतात.

भाषेची धास्ती नको. स्वाहिलीत चहा ‘चाय’, दुकान ‘दुका’, गाडी ‘गारी’, आणि चपाती ती चपातीच. एक दिवस मोंबासाचा फोर्ट जीझस पाहावा. १५९३ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याची आखणी पोर्तुगीज हिंदुस्थानच्या सेवेतल्या इटालियन स्थापत्यकाराने केली. गोव्याशी असलेले हे नाते मुलांना जरूर सांगावे.

राहता राहिला ‘खासगी’ हा शब्द. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेनुसार भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधली जमीन सार्वजनिक आहे. म्हणजे बंगला आपला, पण समोरची वाळू कोळ्यांची, शंख-शिंपले विकणाऱ्या पोरांची आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांचीही. त्यांना हाकलण्याचा हक्क भाड्यात मिळत नाही. ते लक्षात ठेवून जाणाऱ्याला शेजार लाभतो. विसरणाऱ्याला आठ दिवस फक्त कुंपण दिसते. आणि कुंपणच पाहायचे, तर एवढा समुद्र ओलांडायचा कशाला?