लहान भाग बदलून गिटारचा स्वर सुधारता येतो

गायनवृंदातील गिटारचा आवाज दबलेला वाटू लागला, की नवे वाद्य विकत घेण्याचा विचार पुढे येतो. तो खर्च करण्यापूर्वी काही लहान भाग बदलून पाहणे हिताचे ठरते.

तारेचे कंपन सॅडल ह्या अरुंद पट्टीवरून ब्रिजमध्ये आणि तेथून पुढच्या लाकडी फळीत उतरते. आवाज मोठा होतो तो ह्या फळीमुळे. वाटेतील भाग सैल असल्यास कंपनाचा काही अंश तेथेच जिरतो.

प्रथम तारा बदलाव्यात. घाम व गंज ह्यांमुळे जुन्या तारांचा नाद मंदावतो. ८० टक्के तांबे व २० टक्के जस्त असलेल्या कांस्य तारा खणखणीत वाजतात. फॉस्फर-ब्राँझच्या तारांचा स्वर अधिक उबदार असतो. मात्र नायलॉनच्या तारांसाठी घडवलेल्या गिटारला पोलादी तारा कधीही लावू नयेत. त्यांच्या ताणाने ब्रिज उखडू शकतो.

त्यानंतर सॅडल. स्वस्त गिटारमध्ये ती बहुधा प्लास्टिकची असते. तिच्या जागी हाडाची पट्टी बसविल्यास स्वर अधिक स्पष्ट होऊ शकतो. परंतु पट्टी खाचेत नेमकी बसणे आणि तिचा तळ सपाट असणे हे हाडापेक्षाही महत्त्वाचे आहे. उंची कमी करावयाची झाल्यास तळाकडूनच घासावी. बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली आणण्यासाठी सॅडल सुमारे १ मिलिमीटर घासावी लागते. कोकणपट्टीत पावसाळ्यात दमट हवेने फळी फुगते व तारा उंचावतात. त्या दिवसांत सॅडल घासल्यास कोरड्या हवेत तारा फ्रेटवर आपटून खरखरतात. म्हणून घाई करू नये आणि जुनी सॅडल जपून ठेवावी.

मानेच्या टोकाकडील नट बदलल्याचा परिणाम मुख्यत्वे मोकळ्या तारांवर जाणवतो. ती डिंकाने चिकटवलेली असल्याने हे काम कारागिराकडेच सोपवावे. ब्रिजच्या पिना बदलून पडणारा फरक फारच थोडा असतो. नव्या खुंट्यांमुळे सूर टिकून राहतो. नाद फारसा बदलत नाही.

ह्या उपायांना मर्यादा आहेत. प्लायवुडची फळी अखंड लाकडासारखी बोलू लागणार नाही. ब्रिज उचलला गेला असेल, तर आधी त्याची दुरुस्ती हवी. तरीही एका वेळी एकच भाग बदलून, कान देऊन ऐकत गेल्यास कोणता खर्च आवश्यक व कोणता अनावश्यक, हे आपले आपल्यालाच उमगते.